पत्रुजींची दुसरी शाल

पत्रुजी भोयर खरोखर गेले, त्याच्या आधी एकदा ते फ्लेक्सवर गेले होते. गोंडपिपरीच्या मैदानाच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स, त्यावर त्यांचा तरुणपणीचा फोटो, फोटोला झेंडूचा हार आणि खाली ठळक अक्षरांत ‘वीर शहीदास भावपूर्ण श्रद्धांजली’. त्या फ्लेक्सच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पत्रुजी स्वतः बशीत ओतून चहा पीत होते. आपल्याच श्रद्धांजलीला इतका खुशीत बसलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ती हकिगत पुढे येईल. आधी मी कोण ते सांगायला हवं, कारण कार्यक्रमात माझ्याकडे कुणी पाहत नाही.

मी शब्बीर, माइकवाला. अब्बांच्या काळी आमच्याकडे एक भोंगा आणि एक बॅटरी होती; आता मिक्सर आहे, बॉक्स आहेत, टेम्पो आहे. पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला असेल, मी मात्र त्या दिवशी पहाटेपासून वायरींनी बांधलेला असतो. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, कनातीला लागून माझं टेबल. तिथून मी तालुक्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांच्या पाठी पाहिल्या आहेत. समोरून ते वेगवेगळ्या पक्षांचे दिसतात, मागून सारखेच. भाषणं तर इतकी पाठ झाली आहेत की वक्ता अडखळला तर पुढचं वाक्य मी मनातल्या मनात म्हणून टाकतो.

अशाच एका भाषणात पत्रुजी माझ्या लक्षात राहिले. वक्ते मूठ उगारून म्हणाले, “सीमेवर जवान जागतो, म्हणून आपण इथे सुखाने झोपतो!” आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “तुमी तं भाषनातच झोपवून राह्यले ना सायेब!” माझ्या माइकनं ते वाक्य इमानेइतबारे पार बाजारापर्यंत पोचवलं. वक्त्यांनी रागानं माझ्याकडे पाहिलं. लोकांना हसू आलं की दोष नेहमी माइकचाच असतो.

पत्रुजी एकाहत्तरच्या लढाईत लढलेले. उंच, काटक, जवळच्या खेड्यात धानाची थोडी शेती, आणि कार्यक्रम असला की उन्हातान्हात अंगावर निळा कोट, कोटावर पदकं. फौजेतून ते नायक म्हणून निवृत्त झाले होते. पण नायक म्हणजे नेमकं काय हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून लोकांनी त्यांना आधी हवालदार केलं. मग एका सरपंचाने सुभेदार केलं. पुढे कॅप्टन झाले, आणि एका शाळेच्या स्नेहसंमेलनात तर थेट कर्नल. फौजेनं जी बढती दिली नाही ती आमच्या निवेदकांनी दिली. पत्रुजी प्रत्येक वेळी उभे राहून “नायक, नायक” म्हणून दुरुस्ती करत आणि लोकांना वाटे, साहेब किती नम्र आहेत.

माइकसमोर ते कधी उभे राहत नसत. “माह्या आवाजाले भोंगा नाई लागत,” म्हणायचे, आणि ते खरंच होतं. परेडच्या मैदानावर कमावलेला आवाज होता तो. माइकजवळ आला की माझे बॉक्स शिट्ट्या मारायला लागत.

शाळांत त्यांना युद्धकथा सांगायला बोलवत. मुख्याध्यापकांना रणगाडे हवे असत, स्फोट हवे असत, निदान थोडं रक्त तरी. पत्रुजी मुलांना विचारत, “लढाईत सगळ्यात बेकार चीज कोनती?” मुलं बॉम्ब म्हणत, तोफ म्हणत. “नाई. ओले मोजे. दिवसभर ओले मोजे घालून पाहा, मंग समजते देशभक्ती.” मुलं खदखदून हसत आणि मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहत. एका पाहुण्यांनी चारचौघांत विचारलं होतं, “शत्रूचे किती मारलेत तुम्ही?” त्यावर पत्रुजी म्हणाले, “मी मोजाले थांबलो नाई सायेब. तुमी थांबले असते का?” एका वर्षी चौथीतल्या एका मुलीनं त्यांना कागदात गुंडाळून शाळेचे पांढरे मोजे आणून दिले, कोरडे. आमच्या तालुक्यानं त्यांचे इतके आभार मानले, पण त्यांनी काय सांगितलं हे त्या पोरीइतकं कुणी ऐकलं नव्हतं असं माझं मत आहे. पत्रुजींनी ते मोजे कधी घातले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

आता शालीबद्दल. आमच्याकडे सत्कार हा शेतीला जोडधंदा आहे. दहावी पास झालं की सत्कार, ग्रामपंचायतीला निवडून आलं की सत्कार, पडलं तरी समजूत म्हणून सत्कार. शाल, श्रीफळ, हात जोडून फोटो, आणि पुढचा. शौर्य सन्मान समिती तर खास माजी सैनिकांसाठीच काढलेली. तिचे अध्यक्ष बंडूभाऊ. बंडूभाऊ आमचे युवा नेते. केसांना कलप लावायला लागून त्यांना बरीच वर्षं झाली, पण युवा नेतेपद त्यांनी सोडलं नाही. त्यांना दर वर्षी सत्कारासाठी एक सैनिक लागे, आणि तालुक्यात लढाई पाहिलेला सैनिक एकच. पण पत्रुजींची एक अट होती. शाली दोन पाहिजेत.

“दुसरी कोनासाठी?” बंडूभाऊंनी पहिल्यांदा विचारलं.

“रैनूसाठी. रैनू पुंगाटी. माह्यासंग होता. लढाईत गेला.”

“मंग तो तं नाई ना आता.”

“म्हूनच तं दोन शाली. तो असता तं त्यानं स्वताची घेतली असती.”

बंडूभाऊंनी हिशेब केला, की सैनिक एकच आहे आणि शाली बाजारात पुष्कळ आहेत, आणि कबूल झाले. तेव्हापासून दोन शाली. एक पत्रुजी खांद्यावर घेत, दुसरी उलगडूनही पाहत नसत, घडीच्या घडी काखेत. गावात त्यांना ‘डबल शालवाले’ म्हणायला लागले. म्हातारपणी माणसाला हाव सुटते, असं चहाच्या टपरीवर सर्वांनी एकमतानं ठरवून टाकलं होतं. मीही त्यातच होतो.

त्यांचं खरं भांडण शालीशी नव्हतंच, आभारप्रदर्शनाशी होतं. आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमाचा तो भाग, ज्यात लोक चपला शोधतात. त्यात प्रमुख पाहुण्यांचे आभार असतात, पाहुण्यांच्या चालकाचे असतात, मंडपवाल्याचे, वीज मंडळाचे, माइकवाल्याचे म्हणजे माझे, आणि शेवटी ‘देशासाठी प्राण देणाऱ्या ज्ञात-अज्ञात वीरांचे’. हे शब्द आले की पत्रुजी उभे राहत. “अज्ञात कोन? मले ज्ञात आहे! रैनू पुंगाटी, गाव मरकाटोला, तालुका एटापल्ली!” तोवर राष्ट्रगीत सुरू करायची खूण झालेली असे, आणि राष्ट्रगीतात बोलता येत नाही हे पत्रुजींना सर्वांपेक्षा जास्त कळत होतं. ते तसेच सावधानमध्ये उभे राहत. रैनू वर्षानुवर्षं अज्ञातच राहिला.

एकदा दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि मिक्सरकडे बोट दाखवून म्हणाले, “शब्बीर, या मशीनमधी आवाज भरून ठेवता येते का रे?”

“येते ना भाऊ. बंडूभाऊचं प्रत्येक भाषन भरून ठेवलं आहे.”

“त्याचं नको. कोन्या मोठ्या मानसानं रैनूचं नाव घेतलं तं भरशील? मले जुरीले ऐकवाचं आहे.”

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. ते आणि रैनू चांद्याला एकाच दिवशी भरती झाले. रैनू एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातला माडिया. हिंदी येत नव्हती, मराठी जेमतेम. “सांजच्या गिनतीले हवालदार नाव घे, तं याले समजेच नाई का आपल्यालेच बलावून राह्यले. मी कोपर मारत जाओ, मंग हा ‘हाजिर’ म्हनत जाय. कधी कधी तं मीच म्हनून टाको. आवाज सारखाच होता आमचा. तो मले त्याची बोली शिकवे, मी त्याले मोजे घालाले शिकवलं. मोज्याचा भारी राग त्याले.”

मग म्हणाले, “लढाईत एक नदी पार कराची होती. थंडीचे दिवस. यानं मोजे काढून छातीपाशी खोसले, म्हने ओले होतीन. म्या म्हनलं, लेका, गोळ्या सुटून राह्यल्या अन् तुले मोज्याची पडली! हासला अन् पान्यात उतरला. मी पल्याड निघालो. तो नाई निघाला. सापडलाही नाई.”

ते पुढे म्हणाले, “सांजच्याले गिनती झाली. सुभेदारानं नाव घेतलं, रैनू पुंगाटी. अन् माह्या तोंडातून निघून गेलं, हाजिर. कोनी काई बोललं नाई. सुभेदारानं पुढचं नाव घेतलं. तवापासून तो हाजिरच आहे पाह्य.”

जुरी ही रैनूची धाकटी बहीण. लढाईनंतर एक सरकारी माणूस मरकाटोल्याला जाऊन रैनू गेल्याचं सांगून आला होता. त्यानं ते मराठीत सांगितलं. गावाला वाटलं, जंगलखात्याचा कुणी बांबूसाठी आला आहे. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि पुढच्या गावची वाट दाखवली. पुढे पत्रुजी सुटीवर आले तेव्हा स्वतः गेले आणि मोडक्यातोडक्या माडियात जुरीला सगळं सांगितलं, ते गिनतीतलं ‘हाजिर’सुद्धा. जुरीनं ऐकून घेतलं. म्हणाली, तू एकटाच सांगतोस. आणि तो हजर आहे असंही तूच म्हणालास. चार लोकांनी सांगितलं तर मानीन.

मरकाटोल्यात माणूस गेला की गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा करतात. रैनूचा दगड जुरीनं उभा करू दिला नाही. नवं धान खायच्या सणाला जिवंत माणसांचे द्रोण मांडतात त्यात रैनूचाही द्रोण ती मांडत होती, अजून, म्हातारी झाली तरी. “तो मेलेल्यात नाई, जित्यात नाई,” पत्रुजी म्हणाले. “माह्या एका शब्दापायी. मोठ्या लोकाईनं स्टेजवरून सांगितलं तं मानीन ना जुरी?” शालींची हाव म्हणजे हे होतं. टपरीवरच्या एकमतातून मी त्या दिवशी बाहेर पडलो.

आता तो फ्लेक्स. बंडूभाऊंच्या निवडणुकीचं वर्ष आलं आणि त्यांना एका सैनिकाऐवजी एक सैनिक आणि एक शहीद असा जोडीचा कार्यक्रम सुचला. “पत्रुभाऊ, तुमच्या दोस्ताचा फोटो द्या, यंदा त्याचंही नाव घेऊ,” म्हणाले. पत्रुजींनी जपून ठेवलेला एकुलता एक फोटो दिला. स्टुडिओतला, दोघं शेजारी उभे, सारख्याच टोप्या, सारख्याच कोवळ्या मिशा. फ्लेक्सवाल्यानं फोटो मधोमध कापला, आणि शहीद म्हणून पत्रुजींना हार घातला. सत्कारमूर्तीच्या गोल चौकटीत रैनू हसत उभा राहिला, खाली नावासकट.

मी सकाळी वायरी ओढताना पाहिलं आणि धावत पत्रुजींकडे गेलो. “भाऊ, उलटं झालं! मी आत्ता उतरवाले लावतो.”

त्यांनी मान वर करून बराच वेळ फ्लेक्स पाहिला. मग म्हणाले, “राहू दे बे. एवढ्या सालात त्याचा एक तरी सत्कार होऊन राह्यला. त्याचं मरन एक दिवस मी वापरून घेतो.” आणि चहा मागवला.

प्रमुख पाहुणे आले. त्यांनी शहीदाच्या फोटोला हार घातला, डोळे मिटून क्षणभर उभे राहिले, आणि शेजारी उभ्या पत्रुजींना हळूच विचारलं, “तुमचे मित्र का? फार तरुणपणी गेले.”

“हाव सायेब. बरा होता बिचारा,” पत्रुजी म्हणाले. “थोडा तोंडाळ होता.”

निवेदक सरांनी नावं फ्लेक्सवरून वाचून घेतली होती. त्यांनी आवाज चढवला, “आणि आजचे सत्कारमूर्ती, एकाहत्तरच्या युद्धातले वीर जवान, रैनू पुंगाटी! त्यांनी मंचावर यावं!” मैदानभर टाळ्या झाल्या. शाळेची मुलं, बचतगटाच्या बाया, फुकट पोह्यांसाठी आलेले, सगळ्यांनी वाजवल्या. पत्रुजी खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि माझे दोन्ही बॉक्स हादरतील असे ओरडले, “हाजिर!”

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, वीर जवान रैनू पुंगाटी यांचा हृद्य सत्कार. कुणाला काही खटकलं नाही. पत्रुजी माझ्या दुकानात आले ते लहान पोरासारखे. “भरलं ना रे? पाह्य, सगळ्या मैदानानं त्याचं नाव ऐकलं! चल आता जुरीकडं.” मी पेनड्राइव्ह दाखवला. त्यात नेमकं काय भरलं गेलं आहे, याचा विचार त्यांनी केला नाही, मीही नाही.

बंडूभाऊंनी ही संधी सोडली नाही. शहीदाच्या गावी जाऊन स्मारकाचं भूमिपूजन करायचं ठरलं. गाड्यांचा ताफा निघाला. सगळ्यात पुढे बंडूभाऊ, मध्ये पाहुणे, शेवटी माझा टेम्पो. टेम्पोत मी, पत्रुजी, त्यांनी रैनूसाठी साठवलेल्या शालींची पेटी, आणि एक पॉलिश केलेली कोनशिला. कोनशिलेवर पाहुण्यांची नावं होती, समितीच्या सदस्यांची होती, उपाध्यक्षांची दोन्ही आडनावं होती. खाली जागा संपल्यामुळे ‘वीर शहीदाच्या स्मरणार्थ’ एवढंच होतं.

आष्टीच्या पुढे सूरजागडच्या डोंगरातून येणारे लोहखनिजाचे ट्रक लागले आणि ताफा अडकला. तांबड्या धुळीत पाहुण्यांचे पांढरे कपडे विटेच्या रंगाचे झाले. आलापल्लीला पोचेपर्यंत सगळ्यांचा देशाभिमान थकला होता. विश्रामगृहावर जेवण झालं, जेवणावर झोप झाली, आणि पुढचा रस्ता बरा नाही अशी पक्की माहिती कुणीतरी आणली. मग बंडूभाऊंनी विश्रामगृहाच्या हिरवळीवरच नारळ फोडला, फोटो काढले, आणि ताफा परत फिरला. कोनशिला तिथंच राहिली. मागच्या खेपेला मी पाहिली, खानसामा तिच्यावर उभा राहून पाण्याच्या टाकीत वाकून पाहतो.

बंडूभाऊ मला म्हणाले, “तूही वळव टेम्पो.” पत्रुजी माझ्या शेजारी पेटीवर हात ठेवून बसले होते. मी म्हणालो, “बंडूभाऊ, माइकचं भाडं दिवसाचं ठरलं आहे. दिवस अजून बाकी आहे.”

मरकाटोल्यात मला पहिल्या पाच मिनिटांत एक माडिया शब्द आला. मी विचारलं, लाइट? उत्तर आलं, “हिल्ले.” म्हणजे नाही. मोबाइलची रेंज? “हिल्ले.” आधी इकडे कुठले मोठे साहेब येऊन गेले का? त्यावर अख्खं अंगण हसून म्हणालं, “हिल्ले!” मी टेम्पोच्या बॅटरीवर अब्बांचा जुना भोंगा जोडला. जुरी अंगणात खाटेवर बसली होती, सुरकुतलेली, ताठ. जवळ तिची नात, गावची आशा वर्कर. ती आम्हाला मराठीतून आणि आजीला माडियातून सांगत होती. गावातली म्हातारी माणसं भोवती जमली.

पत्रुजींनी खूण केली आणि मी आवाज सुरू केला. भोंग्यातून निवेदक सर बोलू लागले. आजचे सत्कारमूर्ती. वीर जवान. रैनू पुंगाटी. त्यांनी मंचावर यावं. नात एकेक शब्द आजीच्या कानाशी सांगत गेली. मग टाळ्या, धो धो टाळ्या. आणि त्यातून उठलेला तो आवाज, “हाजिर!”

जुरी खाटेवरून उठली. तिचा हात भोंग्याकडे गेला. ती काहीतरी भराभर बोलू लागली, आणि नात आमच्याकडे वळून चाचरत म्हणाली, “आजी म्हनून राह्यली, हा त्याचाच आवाज आहे. कुठी आहे तो? सभेत आला, मंग घरी काऊन नाई आला?”

मी बटण बंद केलं. पत्रुजींकडे पाहायची मला हिंमत होत नव्हती. आमच्या तालुक्यानं त्यांना बढत्या दिल्या, शाली दिल्या, आणि शेवटी त्यांच्याच हातून त्या म्हातारीला तिचा भाऊ जिवंत करून दिला. मला त्या फ्लेक्सवाल्याचा, बंडूभाऊंचा आणि माझ्या स्वतःच्या मिक्सरचा असा राग आला की भोंगा उचलून नाल्यात टाकावा.

पत्रुजी उठले. कोटाची बटणं लावली. अंगणाच्या मधोमध जाऊन टाचा जुळवल्या, आणि जुरीकडे तोंड करून, गिनतीला हवालदार घेतो तसं नाव घेतलं.

“शिपाई रैनू पुंगाटी!”

तो आवाज झाडांत जाऊन परत आला. कुणी काही बोललं नाही. जुरी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मीही पाहत होतो. त्यांचे ओठ ‘हाजिर’ म्हणायला उघडले, आणि त्यांनी खालचा ओठ दातांत धरला.

“शिपाई रैनू पुंगाटी!”

पुन्हा तसंच. मग भिंतीशी टेकून बसलेला एक म्हातारा, रैनूच्या बरोबरीचा असावा, खाली पाहत हळूच म्हणाला, “हिल्ले.” त्याच्या शेजारच्यानं म्हटलं, “हिल्ले.” मागून एक बाई म्हणाली. मग आणखी कुणी. जुरी उभीच होती. ती पत्रुजींच्या अगदी जवळ आली, त्यांच्या मिटलेल्या ओठांवर तिनं बोटं ठेवली, आणि म्हणाली, “हिल्ले.”

नातीनं या वेळी भाषांतर केलं नाही. पत्रुजी लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

नंतर पेटी उघडली. जुरीनं त्यातली एक शाल निवडून बाजूला ठेवली, दगडासाठी. बाकीच्या तिनं गावात वाटल्या. जरीच्या काठाच्या, नारळाचे केस अजून चिकटलेल्या शाली पांघरून मरकाटोल्यातली म्हातारी माणसं अंगणात बसली होती. बंडूभाऊ असते तर त्यांना इतके सत्कारमूर्ती एकदम पाहून भरून आलं असतं.

पावसाळा लागायच्या आत पत्रुजी गेले, झोपेत. त्या पंधरा ऑगस्टला समितीला सैनिकच मिळाला नाही, म्हणून तिनं उपाध्यक्षांचा सत्कार केला. मी आता माइक तपासताना हॅलो हॅलो म्हणत नाही. मैदान रिकामं असतं, रांगोळीवाल्या बाया तेवढ्या असतात. मी म्हणतो, “नायक पत्रुजी भोयर. शिपाई रैनू पुंगाटी.” क्षणभर थांबतो. मग आवाज नीट लावून घेतो. दुसरे आभार मला मानता येत नाहीत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्या बसस्टँडवर. मरकाटोल्यात दगड उभा करायचा दिवस ठरला होता आणि ते एकटेच एसटीनं निघाले होते. मी टेम्पो काढतो म्हटलं तर नको म्हणाले. तिथं माइकचं काय काम. खिडकीशी बसले. कोटाच्या आतल्या खिशातून त्या पोरीनं दिलेल्या पांढऱ्या मोज्यांची किनार दिसत होती. मी विचारलं, “हे कशाले घेतले भाऊ?”

“कोरडे आहेत,” ते म्हणाले. “दगडापाशी ठेवतो.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सबंध स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, “शब्बीर, बंडूभाऊले सांगून देजो! औंदापासून एकच शाल!”